पाहुण्यापुरती ऊब

थोरल्यांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलात होते. पिवळी माती, घोड्याची लीद आणि बारीक चिरलेला पेंढा पायांनी तुडवून उत्तरेकडच्या भिंतीसाठी गिलावा करत होते, आणि एने पायरीवर बसून मला तुडवायचं कसं ते शिकवत होत्या. एने म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे वाकत नव्हते, पण सूचना द्यायला गुडघे लागत नाहीत.

फोन त्यांनीच घेतला. थोरले म्हणजे माझे मोठे दीर, बिश्केकला असतात. त्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नसतं, आणि आमच्या घरात तर मोठ्या दिराशी बोलायचीच रीत नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी त्यांना कितीदा चहा दिला, जेवणाआधी त्यांच्या हातावर पाणी घातलं, पण शब्द काढला नाही. काही सांगायचं असलं तर मी एनेंना सांगायचं आणि थोरल्यांनी ऐकायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे सासूला बोललं की दिराला लागायचं.

फोन ठेवून एने म्हणाल्या, बटाटे निघाले की थोरला येणार आहे. खोली बघणार आहे. हिवाळा निघण्यासारखी असली तर ठीक, नाहीतर त्या शहरात आणि घराला कुलूप. गेल्या हिवाळ्यात एनेंना न्यूमोनिया झाला होता आणि खोकला अजून गेलेला नव्हता, त्यामुळे थोरल्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. फक्त कुलूप लावताना मी दाराच्या कुठल्या बाजूला असेन, ते कुणी सांगितलं नाही.

मला ते न सांगताच कळत होतं. आमचे हे रशियात इमारतींच्या कामावर. त्यांच्या तिकिटासाठी मेंढ्या विकल्या. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन यायचे, आणि वसंतापासून फोनही बंद. मूलबाळ नाही. माहेरी भावाच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. एने घरात होत्या म्हणून मी त्या घरची सून होते. त्या उठून गेल्या की मी कोण, याचं उत्तर गावात कुणालाही विचारलं असतं तरी मिळालं असतं.

म्हणून मी कंबर कसली. तीनपैकी दोन खोल्या बंद केल्या आणि त्यांच्या दारांच्या फटींत जुने सदरे कोंबले. खिडक्यांच्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायला पिठाची खळ केली, तर एने म्हणाल्या, "खिडकीला जेवायला घाल, आपण काय, पाण्यावर राहू." मग निम्मं पीठ, निम्मा साबण असं केलं आणि पट्ट्या निघाल्या नाहीत. काचांवर आतून प्लास्टिक ठोकलं. दुकानातून रिकामे खोके मागून आणले, उलगडून जमिनीवर पसरले आणि त्यांवर लोकरीचे जाड नमदे घातले. लाल शिंगांच्या नक्षीचा नमदा एनेंनी स्वतः लग्नात आणला होता. तो पाहुण्यांसाठी म्हणून कधी कुणाला तुडवू दिला नव्हता. तो मी उत्तरेच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. खिळा ठोकताना त्या तोंड फिरवून बसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

कोळसा त्या वर्षी आमच्या ऐपतीत नव्हताच. सरपण म्हणाल तर विटांचं. मेंढ्या हिवाळाभर वाडग्यात बसतात आणि त्यांच्या खाली लेंड्यांचा थर दाबून दाबून फरशीसारखा होतो. वसंतात तो फावड्यानं चौकोनी कापायचा, उन्हाळाभर वाळवायचा, की झाल्या जळणाच्या विटा. गोवरीपेक्षा जास्त वेळ जळतात आणि धग धरून ठेवतात. पण त्यासाठी मेंढ्या लागतात. शेजारच्या कालिपाकडे मेंढ्या होत्या आणि पाठीचं दुखणंही होतं, म्हणून तिचं वाडगं मी वसंतातच कापलं होतं आणि निम्म्या विटा माझ्या ठरल्या होत्या. कालिपाची जीभ मात्र दुखत नव्हती. कुंपणावर कोपर टेकून ती म्हणायची, "नवरा रशियात माड्या बांधतो, बायको इथं लेंड्यांच्या विटा पाडते. सगळं खानदानच बांधकामात गेलं की."

सगळ्यात अवघड चुलीचं होतं. आमची चूल भिंतीतली. तिचा धूर भिंतीतल्या बोळांतून नागमोडी फिरून मग धुराड्यात जातो आणि जाताना भिंत तापवतो. त्या भिंतीला तडे गेले होते आणि धूर खोलीत यायचा. गावाला हाक घालता आली असती. हाक घातली की माणसं फुकट येतात आणि एका दिवसात काम उरकतात. पण फुकट आलेल्या माणसांना मटण घालावं लागतं, नाहीतर पुढची दहा वर्षं तुमच्या डाळीचा पाणचटपणा सगळीकडे सांगितला जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून आम्ही दोघींनीच केलं. मी विटा काढल्या, बोळांतली काजळी खरवडली, पुन्हा रचल्या. एने खाटेवर बसून काठीनं दाखवत होत्या की कुठली वीट कुठं. दोनदा चुकलं, दोनदा उतरवलं. तिसऱ्यांदा पेटवलं तेव्हा चुलीनं हवा ओढली आणि घुमू लागली. एने म्हणाल्या, "चांगली आहे." नऊ वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याही कामाला याहून मोठं काही म्हटलं नव्हतं.

पण चूल चांगली असली म्हणून जळणाच्या विटा वाढत नाहीत. परसातली रास आम्ही दोघी रोज येता-जाता बघायचो आणि एकमेकींशी त्याबद्दल बोलायचो नाही. काटकसरीनं जाळलं, फक्त संध्याकाळी चूल पेटवली, असतील नसतील ते कपडे अंगावर घालून एका पांघरुणात निजलो, तर कडाक्याचे चाळीस दिवस कसेबसे निघतील असा अंदाज होता. तशा जळणावर खोलीतली बादली गोठत नाही, एवढंच. शहरातून आलेल्या माणसाला दाखवण्यासारखी ती ऊब नव्हे.

थोरले शुक्रवारी येणार असं कळलं तेव्हा एनेंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, त्या दिवशी हात सैल सोडून जाळायचं. मी विचारलं, मग पुढं काय. "पुढचं पुढं. आधी त्याला परत पाठवू." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे म्हाताऱ्या आईबापांनी धाकट्या मुलाच्या घरी राहायचं असतं आणि तिथंच डोळे मिटायचे असतात. मला वाटलं, म्हातारीला घराण्याचं नाक जपायचंय. धाकट्याच्या घरातून आई उचलून न्यावी लागली, असं तिला कुणी म्हणायला नको आहे. त्यात माझंही भागत होतं, म्हणून मी खोलात शिरले नाही.

शुक्रवारी उजाडल्यापासून मी चुलीत विटा घालत होते. एक जळून बसली की दुसरी. दुपारपर्यंत भिंत अशी तापली की हात टेकवेना. उरलंसुरलं तेल कढईत ओतून मी बोरसोक तळले. पिठाचे हे चौकोनी तुकडे ताटभर असले की घर भरलेलं दिसतं. एनेंनी अंगातले दोन स्वेटर, बंडी, लोकरीचे पायमोजे सगळं काढून गाठोड्यात बांधलं आणि गाठोडं बंद खोलीत टाकायला लावलं. नुसत्या सुती झग्यात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्या मानाच्या जागी बसल्या. मला म्हणाल्या की तू पण बाह्या वर कर, अशी गारठल्यासारखी काय दिसतेस.

थोरल्यांची गाडी आली. तिच्या मागं वळणाशी एक ट्रक थांबला, पण रस्त्यावर ट्रक थांबतच असतात. ते आत आले, टोपी काढली, आईला मिठी मारली आणि दोन घोट चहात त्यांच्या कपाळावर घाम आला.

"केवढं तापवून ठेवलंय," ते म्हणाले.

"ही ऐकते का माझं? सारख्या विटा कोंबते. मी म्हणते, अगं, मला काय भाकरीसारखं भाजायचंय?"

"रोज असंच असतं?"

"रोज. कधी कधी तर खिडकी उघडावी लागते."

आणि म्हातारीनं खरंच मला वरची झरोक्याची खिडकी उघडायला लावली. तिच्यावर चिकटवलेली पट्टी मी स्वतःच्या हातानं टरकावली. थोरले उठले आणि भिंतीला तळवा लावून झटकन मागे घेतला. हसले. पण बसल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "मला वाटलं होतं तू येशील. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली." एने त्यांच्या ताटात बोरसोक सरकवत म्हणाल्या, रंगाचा वास मला सोसत नाही. खोकला त्यांनी घशात दाबला आहे, हे मला त्यांच्या ताठ झालेल्या खांद्यांवरून कळत होतं. मी मुद्दाम भांडी आपटली.

ते निघाले तेव्हा रीतीप्रमाणे मी डोक्यावरचा रुमाल सारखा करून चार पावलं मागे फाटकापर्यंत गेले. ट्रक पुढं आला होता. ताडपत्रीखालून कोळसा दिसत होता, मोठमोठी चकाकती ढेकळं, हिवाळाभर पुरून उरेल एवढा. थोरले चालकाला म्हणाले, "पुलापलीकडं चल, माझ्या सासुरवाडीला. आई हटून बसली तर म्हणून आणला होता, पण इथं गरज नाही. आमच्यापेक्षा सुखात आहेत ही माणसं."

मी फाटकाचा खांब धरून उभी होते. सांगावं तर आई मार खाते, न सांगावं तर बाप कुत्रं खातो, अशी माझी गत. तोंड उघडलं तर कोळसा उतरेल, पण खोली कशी आहे हे कळेल आणि एने गाडीत बसतील. गप्प राहिले तर एने राहतील आणि कोळसा जाईल. त्यात मोठ्या दिराशी बोलायचं नाही ही रीतही माझ्या मदतीला आली. कधी नव्हे ते मला ती रीत सोयीची वाटली. ट्रक वळला आणि धूळ खाली बसली तरी मी तिथंच होते.

आत आले तर एनेंना खोकल्याची उबळ आली होती, इतका वेळ कोंडलेली सगळी एकदम. मी गाठोडं आणलं, बंडी चढवली, झरोका लावला. उबळ ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "भरलेला ट्रक होता ना? आवाजावरून कळलं."

मी सांगितलं, कोळसा होता, आपल्यासाठीच आणला होता, व्याह्यांकडे गेला. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता. मी म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं तर बोलायचं होतंत. तुमचा मुलगा आहे. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं."

"बोलले असते तर मला घेऊन गेला असता."

"मग जायचं होतं. त्या घराच्या नाकापायी हाडं गोठवून घेणार आहात का?"

एने म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी नाकासाठी बसलेय? कसलं नाक. मिर्लाननं वसंतात फोन केला होता मला. तिकडं त्याला बाई आहे, मुलगी झालीये. म्हणत होता, घर विकून टाका आणि माझा हिस्सा पाठवा. मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर घर विकायचं नाही." बंडीची गुंडी लावत त्या म्हणाल्या, "मी उठले की घर गेलं, पोरी. तू कुठं जाशील?"

मला नवऱ्याचं ऐकून धक्का बसायला हवा होता. बसला नाही. ते मला कुठंतरी ठाऊकच होतं. पण दोन स्वेटर काढून, सुती झग्यात, खोकला गिळून ही बाई दुपारभर माझ्यासाठी बसली होती, हे मला सोसेना. परसात गेले आणि विटांची रास बघितली. सकाळपासून तिला केवढं खिंडार पडलं होतं. कडाक्याची थंडी लागायची होती, आणि ही रास त्या थंडीच्या मध्यावरसुद्धा पोचणार नव्हती. मग एने पुन्हा खोकल्या आणि मला भिंतीतून ऐकू आलं.

मी कालिपाला हाक मारून एनेंजवळ बसायला सांगितलं आणि पुलाच्या वाटेला लागले. चालताना मी वाक्यं जुळवत होते आणि ती पुलापर्यंत टिकत नव्हती.

व्याह्यांच्या अंगणात कोळसा उतरवून झाला होता. थोरल्यांच्या सासूबाई त्यांना दुवा देत होत्या, ढिगाभोवती लहान मुलं हात काळे करत होती. थोरले हात धुवायला बाहेर आले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बायके." म्हणजे दादा. त्यांनी मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला हाक मारली असं वाटून.

"आजची ऊब खोटी होती," मी म्हणाले. "महिनाभराच्या विटा आम्ही सकाळपासून जाळल्या. एनेंची छाती बरी नाही. त्यांना घेऊन जा."

ते हातातला टॉवेल तसाच धरून उभे राहिले. ढिगाकडे त्यांची नजर गेली आणि परत आली. व्याह्यांच्या दारात उतरलेली वस्तू कुणी परत मागत नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी त्यासाठी आलेही नव्हते.

"मघाशी फाटकाशी उभी होतीस. तेव्हा का बोलली नाहीस?"

"तेव्हा त्या कुणासाठी बसल्यात ते मला माहीत नव्हतं."

गाडीत मी मागे बसले. पूल ओलांडल्यावर ते आरशात न बघता म्हणाले, "मिर्लानचं कळलं तुला?" मी म्हटलं, आज कळलं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कदाचित कालिपालाही ठाऊक असेल. बांधकामाच्या तिच्या थट्टेत मी कधी तेवढं लक्ष घातलं नव्हतं.

मला त्यांच्या गाडीतून उतरताना बघून एनेंना सगळं समजलं. मी आत गेले तेव्हा त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. अंगात पुन्हा दोन स्वेटर, वर बंडी. कालिपा पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेली.

"मी इथं बसून तुझं घर राखत होते," एने म्हणाल्या. "तू ते एका दुपारीत देऊन आलीस."

मी त्यांना बूट घालायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. न वाकणारे ते गुडघे वाकवून, भिंतीला धरून, त्यांनी स्वतःचे बूट स्वतः घातले. त्याला किती वेळ लागला तो लागू दिला. थोरले दारात उभे राहून दुसरीकडे बघत होते. गाठोडं मी बांधलं, औषधं घातली, आणि भिंतीवरचा नमदा काढू का म्हणून विचारलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मग थोरल्यांना म्हणाल्या, "कुलूप लावायचं नाही. ही इथं राहील." थोरल्यांनी हो म्हटलं नाही. त्यांनी गाठोडं उचललं.

त्यांना पुढच्या जागेवर बसवून, पायांवर घोंगडी टाकून ते फाटक लावायला परत आले. हलक्या आवाजात मला म्हणाले, "हिवाळा काढ. वसंतात बघू." वाईट माणूस नव्हे. वसंतात काय बघायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तेवढा एक हिवाळा त्यांनी मला दिला होता. मी मान खाली घातली. बोलण्यासारखं जे होतं ते पुलापलीकडं बोलून झालं होतं.

एने सरळ पुढं बघत होत्या. माझ्याकडे बघणार नाहीत असं मी धरूनच चालले होते. गाडी सुरू झाली आणि त्यांनी काच खाली केली.

"आज चुलीत फार जाळलंय," त्या म्हणाल्या. "निखारे पुरते काळे पडल्याशिवाय धुराड्याची झडप लावू नकोस. निळी ज्योत दिसते तोवर विषारी धूर असतो. आता हलवून उठवायला कुणी नाही तुला. ऊब जाते तर जाऊ दे."

गाडी गेली. खोलीत आले तर भिंत अजून इतकी गरम होती की मला रुमाल सोडावा लागला. झडप लगेच लावली असती तर ती धग सकाळपर्यंत टिकली असती. आणि उरलेल्या राशीकडे बघता तेवढी धग सोडून देणं म्हणजे उधळपट्टीच होती. मी चुलीचं दार उघडून समोर बसले. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती होत्या. त्या विझेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि उन्हाळाभर राबून साठवलेली ऊब धुराड्यातून जाऊ दिली.